मत्स्यपात्रांतील शिळें पाणी

रात्रीचें पाणी सकाळीं ओतून द्यावें, हंडा-कळशी घांसावी आणि मगच नवें भरावें, ही रीत आमच्या घरांत आजीपासून चालत आलेली आहे. तिचें समर्थन मीं वर्गांतही अनेकदां केलें. परंतु याच रीतीपायीं माझ्या हातून तीन जीव गेले, तें वाचकांस सांगणें प्राप्त आहे.

नातवाच्या मुंजींत त्याच्या मामानें २ फूट लांब, १ फूट रुंद व तितकीच उंच अशी कांचपेटी आणि ५ सुवर्णमत्स्य दिले. (तेवढ्या जागेस ५ हेही अधिकच, हें आतां कळतें.) नातू आजोळीं गेला असतां पाणी पिवळसर दिसलें. मीं मासे बादलींत काढले, सगळें पाणी ओतलें, खडे उकळत्या पाण्यानें धुतले आणि नळाचें ताजें पाणी भरलें. सायंकाळीं दोन मासे उलटे तरंगत होते. तिसरा चौथ्या दिवशीं गेला. नातू परत आला, पेटीपाशीं उभा राहिला आणि "आजोबा, बाकीचे कुठे आहेत?" एवढेंच त्यानें विचारलें. पुढें दोन दिवस तो माझ्याजवळ शुभंकरोति म्हणावयास बसला नाहीं.

पहिल्या दोघांचें कारण उघड होतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आपल्या जंतूंना मारतो, तसाच माशांचे कल्लेही जाळतो. मला कोडें पडलें तें तिसऱ्याचें. चार दिवसांत क्लोरीन तर उडून गेला असला पाहिजे! जीवशास्त्र शिकविणारा माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला, त्यास विचारलें. तो म्हणाला, "सर, खडे उकळत्या पाण्यानें धुतलेत, तिथेंच चुकलें."

माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो, आणि तो त्यांना विष आहे. खड्यांवर व गाळणीच्या स्पंजांत राहणारे सूक्ष्मजंतू त्याचें प्रथम नायट्राइट करितात, तेंही विषच. दुसरे जंतू त्याचें नायट्रेट करितात, तें बरेंच सौम्य असतें. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास मातींतून असे जंतू वेगळे करून दाखविले. त्यांची वस्ती पुन्हां बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मीं ती एका दुपारीं उठविली आणि अमोनिया सांचत गेला.

मग पाणी बदलूंच नये काय? बदलावें, कारण नायट्रेट सांचतच राहतें. नुसती आटलेली भर घालून भागत नाहीं. वाफ होते ती पाण्याची, क्षार खालीं राहतात. दर आठवड्यास चतुर्थांश बदलावें. आमच्या पेटींत सुमारें ५० लिटर पाणी मावतें, म्हणजे मोठी बादलीभर. गणित सोपें आहे: आठवड्यास १० भाग नायट्रेट वाढत असेल व प्रत्येक वेळीं चौथाई निघत असेल, तर संचय ४० भागांपुढें जात नाहीं.

रबरी नळी पाण्यानें भरून, टोकास अंगठा लावून खालच्या बादलींत सोडावी, म्हणजे तोंडानें ओढावें लागत नाहीं. तळाच्या खड्यांतील मळ तिनेंच ओढून घ्यावा. स्पंज याच काढलेल्या पाण्यांत पिळावा, नळाखालीं कदापि नाहीं. नवें पाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत आदल्या दिवशीं भरून उघडें ठेवावें. कांहीं ठिकाणीं क्लोरामीन घालतात. तें असें उडत नाहीं. तेथें हायपो, म्हणजे छायाचित्रकारांचा सोडियम थायोसल्फेट, द्रवरूपांत दुकानीं मिळतो, तो सांगितल्या मापानें घालावा. दोन्ही पाण्यांत हात घालून ऊबही सारखी आहे ना, तें पाहावें, हिवाळ्यांत विशेष.

काढलेलें पाणी आम्ही तुळशीस घालतों. नायट्रेट झाडांस हवेंच असतें. शनिवारीं रात्रीं नातू पितळी घंगाळ भरून ठेवतो. गेल्या रविवारीं आमच्या सौभाग्यवतींनीं तें शिळें म्हणून मोरींत ओतलें, तेव्हां ओरडला तो नातू नव्हे, मी.