वयाला शोभत नाही म्हणे!

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'समाधानी वार्धक्य' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते साठीचे, म्हणजे आमच्यात लहानच. त्यांनी पडद्यावर मिक जॅगरचा नाचतानाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "नातवंडं खेळवायच्या वयात हे शोभतं का?" सगळे हसले. मी हात वर केला, पण तेवढ्यात चहा आला. तेव्हा राहिलेलं आता बोलते.

समाधान मिळत नाही म्हणून ही रोलिंग स्टोन्सची मंडळी १९६५ पासून ओरडताहेत. त्यांनाच 'समाधानी वार्धक्या'च्या व्याख्यानात आणलं, हा विनोद वक्त्यांच्या लक्षात आला नसावा. असो.

मी मराठी शाळेत बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलेली बाई. माझा आणि स्टोन्सचा संबंध आला तो दादामुळे. तो बोटीवर नोकरीला होता, येताना रेकॉर्डी आणायचा. इंग्रजी शब्द कळायचे नाहीत (आजही सगळे कळत नाहीत), पण ठेका कळायचा. आई म्हणायची, "काय तो गोंगाट!" आणि भाकरी थापताना नेमकी त्याच ठेक्यावर थापायची.

७ एप्रिल २००३ ला ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा दादा मला घेऊन गेला. जॅगर तेव्हा ५९ वर्षांचा. आमचं सरकार शिक्षकाला ५८ व्या वर्षी नारळ देतं. माझी पाच वर्षं उरली होती, आणि 'आता निवृत्तीनंतर काय, देवदेव?' असं शिक्षकखोलीत आत्तापासूनच विचारत होते. आणि इथे हा गृहस्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. एप्रिलच्या उकाड्यात! दादा कानाशी ओरडला, "बघ, तुझ्या सरकारला दाखव हा!"

आता मला सांगा, ऐंशी ओलांडल्यावर भीमसेनजी सवाई गंधर्वला गायला बसले तेव्हा आपण काय केलं? डोळे पुसले. किशोरीताई चौऱ्याऐंशीव्या वर्षीही गात होत्या, तेव्हा 'शोभतं का' असं कुणी विचारलं? तिथे ती तपश्चर्या, आणि इथे चाळे? मांडी घालून बसलेलं म्हातारपण आपल्याला चालतं, उभं राहिलेलं चालत नाही. खरी गोम इथे आहे.

यावर बालगंधर्वांचं उदाहरण येणार, हे मला ठाऊक आहे. वडील सांगायचे, उतारवयातल्या नारायणरावांना तरुण नायिकेच्या वेषात बघून त्यांना रडू आलं होतं. मुद्दा खरा आहे, मी तो टाळत नाही. पण पुढच्या खेपेलाही वडील तिकीट काढून गेलेच होते. हे ते सांगायचे नाहीत, आई सांगायची.

आणि शरीर थकतं हे त्या लोकांना कळत नाही असं वाटतं की काय? एप्रिल २०१९ मध्ये जॅगरच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले, दौरा पुढे ढकलला, आणि जूनमध्ये तो शिकागोत पुन्हा उभा होता. कीथ रिचर्ड्सच्या बोटांना संधिवात. त्यामुळे वाजवायची पद्धत बदलावी लागली, हे त्यानेच सांगितलंय. बोटं वळेनात तर दुसरी वाट शोधली. बाराखडी पहिल्यापासून गिरवण्यासारखंच ते!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी मुलाकडे न्यू जर्सीला होते, तेव्हा मेटलाइफ स्टेडियमवर त्यांना दुसऱ्यांदा ऐकलं. ड्रमवर चार्ली वॉट्स, ७८ वर्षांचा, चेहऱ्यावरची माशी न हलवता वाजवणारा. दादाला फोन लावून ऐकवलं. नुसती खरखर ऐकू गेली असणार, पण त्याने फोन ठेवला नाही.

करोनाच्या पहिल्या लाटेत दादा गेला. २४ ऑगस्ट २०२१ ला चार्ली गेला.

मे २०२४ मध्ये त्याच मैदानावर नातीबरोबर गेले. (तिकिटांचे दर लाजिरवाणे आहेत, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही.) चार्लीच्या जागी स्टीव्ह जॉर्डन. पहिली चार गाणी मी फक्त त्या ड्रमकडे बघत होते. चार्लीचा ठोका किंचित मागे रेंगाळायचा, याचा पुढे ढकलतो. मला आवडलं नाही, स्पष्ट सांगते. मग कधीतरी नात म्हणाली, "आजी, तुझा पाय!" बघते तर शस्त्रक्रिया झालेला गुडघा ठेका धरून हलत होता.

त्या दौऱ्याचं प्रायोजकत्व कुणाकडे होतं ठाऊक आहे? एएआरपीकडे. पन्नाशीपुढच्या अमेरिकनांची संस्था, म्हणजे आमच्या संघाचा थोरला भाऊच! त्यांनी ऐंशीच्या माणसाला नाचायला मैदान दिलं, आणि आमच्याकडे त्याचा फोटो दाखवून हशा पिकवतात.

पुढच्या महिन्यात संघात 'माझा छंद' कार्यक्रम आहे, मी नाव दिलंय. दादाची रेकॉर्ड आहे, फोनोही आहे, फक्त सुई मोडलीय. कुणाकडे असेल तर कळवा.