पाळकाला सांगितलेली गोष्ट कोणाची?



नोव्हेंबर 2025 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. तेव्हापासून बँका, दवाखाने आणि मोबाइल कंपन्या आपली माहिती कशी सांभाळणार, यावर बरेच लिहून आले. धर्मस्थळांकडे असलेल्या माहितीचा विषय मात्र कोणी काढत नाही. मी ख्रिस्ती मंडळीत वाढलेला, म्हणून चर्चपुरते लिहितो.

आमच्या सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यातल्या मंडळ्या लहान. कोणाच्या घरात दारू शिरली, कोणाची लेक माहेरी परतली, कोणाला कसला आजार निघाला, हे पाळकांना आधी कळते. रविवारी तेच ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून नावानिशी जाहीर होते आणि दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवरून पुण्या-मुंबईच्या नातलगांपर्यंत पोचते. हेतू वाईट नसतो. पण ज्याचे दुःख, त्याला कोणी विचारलेले नसते.

कायद्याचाही आधार नाही. वकिलाला सांगितलेली गोष्ट आणि नवरा-बायकोतले बोलणे यांना न्यायालयात संरक्षण आहे. धर्मगुरूला सांगितलेल्या गोष्टीला ते 1872 च्या पुरावा कायद्यात नव्हते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. पापनिवेदन फोडणारा कॅथलिक फादर चर्चच्या नियमाने बहिष्कृत ठरतो; तेच न सांगण्यासाठी तो साक्षीच्या पिंजऱ्यात गप्प राहिला, तर देशाचा कायदा त्याच्या पाठीशी नाही. विदा कायद्याचेही तसेच. 2019 च्या विधेयकात धर्मश्रद्धा आणि जात ही ‘संवेदनशील’ माहिती मानली होती. 2023 च्या कायद्यातून तो वर्गच गेला. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता. कपाटातले बाप्तिस्म्याचे रजिस्टर त्याच्या कक्षेबाहेर.

महाराष्ट्रात या रजिस्टरला फार वजन आहे, कारण त्यातली नोंद धर्मांतराचा पुरावा ठरू शकते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. अमरावतीच्या जात पडताळणी समितीने एका मुलीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, त्यामागे दक्षता पथकाला घरात दिसलेले येशूचे चित्र होते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला आणि केवळ चित्रावरून धर्मांतर सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. भिंतीवरचे चित्र जात पडताळणीच्या आड येऊ शकते, तर उपासनेचे फोटो आणि सभासदांच्या याद्या ग्रुपवर टाकताना आपण काय करतो आहोत? कोणी सवलत चुकीची घेत असेल, तर समितीने रीतसर नोंद मागवावी. फोनवर फिरणारी यादी हा त्याचा मार्ग नव्हे.

गुप्ततेच्या आड गुन्हे लपतात, हा आक्षेप खरा आहे. केरळात 2018 मध्ये पापनिवेदनाचाच वापर करून एका विवाहितेचे शोषण झाल्याचा आरोप काही धर्मगुरूंवर झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. मुंबईत एका अल्पवयीन मुलावरील अत्याचाराबद्दल विशेष न्यायालयाने 2021 मध्ये एका धर्मगुरूला जन्मठेप दिली. पण गुपित बोलणाऱ्याच्या मालकीचे मानले, की हा पेच बराचसा सुटतो. पीडित व्यक्तीला बोलायचे असेल, तर ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून तिला गप्प बसवण्याचा अधिकार पाळकाला, पंचांना किंवा बिशपांना नाही. मुलांवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम 19 नुसार सर्वांवर बंधनकारक आहे. त्यात धर्मगुरूंना सवलत नाही आणि कधी मिळूही नये.

तेव्हा संसदेने साक्ष अधिनियमात दुरुस्ती करून, आध्यात्मिक सल्ल्यासाठी कोणत्याही धर्माच्या गुरूला सांगितलेल्या गोष्टीला संरक्षण द्यावे. ते सोडून देण्याचा हक्क सांगणाऱ्याचा असावा आणि बालकांवरील गुन्हे त्यातून वगळावेत. धर्मप्रांतांनी आणि मंडळ्यांनी दिल्लीची वाट न पाहता लेखी नियम करावेत: विचारल्याशिवाय नाव जाहीर करायचे नाही, याद्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत, रजिस्टर कोणी पाहिले याची नोंद ठेवायची. याला ना पैसा लागतो, ना सरकारी मंजुरी. येत्या रविवारपासून सुरुवात करता येईल.

– एक वाचक, जेऊर (ता. करमाळा, जि. सोलापूर)