अवघड गाणी, छोटी मुलं

‘मला म्युझिकमधलं काही कळत नाही बुवा!’ कुणापुढे हेडफोन धरला की हमखास येणारं उत्तर. अशा मंडळींसाठी आजची गोष्ट.

डिअरहूफ हा सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये सुरू झालेला बॅण्ड. ऐकायला सोपा? छे! बालगीतासारखी गोड चाल सुरू असते, मध्येच गिटार किंचाळते, ड्रम्स ठेका सोडून पळतात आणि आपण सावरेपर्यंत गाणं खल्लास. त्यांचा २००४चा अल्बम ‘मिल्क मॅन’. हा मिल्क मॅन म्हणजे मुलांना स्वप्नात पळवून नेणारा एक अजब इसम.

आता असली गाणी शाळेच्या स्टेजवर? झालंय की तसं! अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर नॉर्थ हेवन नावाचं बेट आहे. फेरीबोटीने जायचं, वस्ती साधारण चारशे. २००६च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या कम्युनिटी स्कूलने या अल्बमचा चक्क मुलांचा बॅले केला.

मला यातली गंमत अशी वाटते, की ‘हे अवघड आहे’ असा शिक्का मुलांच्या डोक्यात अजून बसलेला नसतो. गाणं अचानक वळलं की आपण दचकतो, मुलं उडी मारतात. आणि चारशे वस्तीच्या गावात ऑडिशन घेऊन घरी पाठवणार तरी कुणाला?

आपल्याकडचं गॅदरिंग आठवा. हिट फिल्मी गाणं, पुढच्या रांगेत नाचणारे, मागच्या रांगेत ‘तू नुसते ओठ हलव’वाले. ‘मला कळत नाही’ची लागण बहुतेक तिथेच होते. मग जन्मभर आपण मागच्याच रांगेत!

खुद्द डिअरहूफचं काय? ड्रमर ग्रेग सॉनियर ओबर्लिन कॉन्झर्व्हेटरीत रीतसर संगीत शिकलेला. गायिका सातोमी मात्सुझाकी मात्र १९९५ मध्ये जपानहून आली आणि बॅण्डमध्ये शिरली, तेव्हा संगीताचा अनुभव शून्य. एक शिकलेला, एक न शिकलेली. अडलं का काही?

तेव्हा या वीकेण्डला ‘मिल्क मॅन’ लावाच. जेमतेम अर्ध्या तासाचा मामला आहे. घरात भाचा-पुतणी असेल तर स्पीकरवर लावा आणि ती काय करतात ते बघा. जमलं तर तुम्हीही उठा. ओठ नुसते हलवू नका, म्हणजे झालं!