सेन्सर घरी बदला, पण आधी मीटर लावा



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो आणि तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. मी म्हणालो होतो की ज्याच्याकडे एकच ट्रक किंवा टेम्पो आहे, त्याने इंजिनचा साधा सेन्सर स्वतः घरी बदलायला शिकलं पाहिजे. तुमचं म्हणणं, "सर, तुम्हीच सांगता ना, मालकाने मालकाचं काम करावं, पाना हातात धरू नये? मग आता हे काय नवीन?"

प्रश्न रास्त आहे. पण मालकाने पाना धरू नये हे मी दहा गाड्यांच्या मालकाला सांगतो. त्याची एक गाडी उभी राहिली तर नऊ चालू असतात. तुमची एकच असेल तर ती उभी राहिली म्हणजे धंद्याचं शटरच खाली. समजा हप्ता २६,००० आहे आणि गाडी महिन्यात २६ दिवस चालते. म्हणजे उभ्या गाडीचा दिवस उजाडतानाच हजार रुपये गेलेले असतात. ड्रायव्हरचा पगार, विमा आणि बुडालेलं भाडं अजून धरलेलंच नाही. तुमचे आकडे टाकून हा हिशेब एकदा करून बघा, मग पुढे वाचा.

आमच्या बॅचमधले एक दादा नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतात. एकच गाडी, चौदा फुटी, बीएस-६, हप्ते चालू. एप्रिलमध्ये चेक लाईट लागली. सकाळी सुरू करताना धूर, पिकअप कमी. मिस्त्रींनी स्कॅनर लावला, कोड आला पी०११८. "कूलंट टेम्परेचर सेन्सर गेला." नवा बसवला, कोड खोडला, लाईट गेली. दुसऱ्या दिवशी कल्याण गाठेपर्यंत लाईट परत हजर. मग म्हणे, आधीचा सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल. दुसरा बसवला, तेच. तिसऱ्यानंतर "ईसीएम बघावा लागेल" इथपर्यंत गोष्ट गेली. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याची किंमत ऐकून दादांनी मला फोन केला. तोवर गाडी चार दिवस उभी होती आणि माल दुसऱ्याच्या गाडीतून जात होता. टोमॅटो काही आपल्यासाठी थांबत नाही. त्यातले दोन शेतकरी पुढे त्याच दुसऱ्या गाडीवाल्याकडे राहिले, परत आले नाहीत.

शेवटी दोष सापडला तो कपलरपासून वीतभर अंतरावर. वायर एका क्लॅम्पला घासून आतून तुटली होती आणि वरचं आवरण जवळजवळ शाबूत होतं. फूटभर वायर, थोडं सोल्डर आणि एक स्लीव्ह, एवढ्यात काम झालं.

आता हा पी०११८ नेमकं काय सांगतो ते समजून घ्या, कारण इथेच पैसे जातात. ईसीएम या सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर थंड असेल तर त्याचा रोध जास्त असतो, तापला की कमी होतो. त्यावरून व्होल्टेज वरखाली होतं आणि ईसीएमला तापमान कळतं. वायरच तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि कॉम्प्युटरला वाटतं की बाहेर भयंकर थंडी आहे. दादांच्या स्कॅनरवर लाईव्ह डेटामध्ये उणे ४० दाखवत होतं. एप्रिलमधल्या नारायणगावात उणे ४०! तो आकडा कुणी वाचला असता तर तिथेच शंका आली असती. पी०११८ म्हणजे "सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त". पी०११७ म्हणजे त्याच्या उलट, वायर कुठेतरी अर्थला टेकली असण्याची शक्यता. सेन्सर मेला असं दोन्ही कोड म्हणत नाहीत. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, अर्थ, सगळं आलं. उंदीरसुद्धा आला.

यात सगळा दोष मिस्त्रीवर ढकलायला मी तयार नाही. आपण त्याला कशाचे पैसे देतो? पार्ट बसवण्याचे. अर्धा तास मीटर लावून त्याने "सेन्सर चांगला आहे, वायर तुटली आहे" असं सांगितलं आणि पाचशे मागितले, तर आपणच म्हणतो, "नुसतं बघायचे पाचशे?" मग तो पार्ट बदलूनच बघणार ना! शोधायचे पैसे द्यायची आपली तयारी नाही आणि चुकीच्या पार्टचे पैसे मात्र आपण निमूट देतो. ही सवय आपण लावली आहे, गॅरेजने नाही.

आता घरी करायचं काय? गाडी वॉरंटीत असेल तर काहीच नाही, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला न्या. वॉरंटी संपली असेल तर एक डिजिटल मल्टिमीटर घ्या. टेस्ट लॅम्प नको. बल्ब जास्त करंट ओढतो आणि सेन्सरच्या वायरला लावला तर ईसीएमला इजा होऊ शकते. कारसाठीचा १२ व्होल्टचा स्वस्त स्कॅनरही २४ व्होल्टच्या ट्रकला लावू नका.

इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर काढा आणि आत बघा. हिरवट बुरशी, पाणी, वाकलेली पिन, ढिली पिन, पुष्कळ दुखणी इथेच सापडतात. मग चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कपलरच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळाले तर वायर आणि अर्थ तिथपर्यंत ठीक आहेत, आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. मिळाले नाहीत तर नवा सेन्सर आणून काही उपयोग नाही, वायर धरून मागे मागे जा. मीटर लावलेला असताना वायर हळूच हलवायलाही विसरू नका. दादांची वायर तशीच पकडली गेली, हलवली की आकडा गायब.

सेन्सरची परीक्षा पातेल्यात होते. (जुनं पातेलं घ्या, घरात भांडण नको.) पाण्यात सेन्सरचं टोक बुडवून मीटर ओहमवर ठेवा. साध्या पाण्यात बहुतेक सेन्सर दोन-तीन किलोओहमच्या आसपास दाखवतात, उकळीजवळ दोनेकशे ओहम. गाडीगणिक आकडे बदलतील. पण पाणी तापेल तसा आकडा सलग खाली आला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये.

सेन्सरच खराब निघाला तर बदलणं खरंच सोपं आहे. जुन्यावरचा पार्ट नंबर वाचून तोच आणा. चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी काढू नका. डीईएफ म्हणजे युरियाचं पाणी वापरणाऱ्या गाडीत चावी बंद केल्यावरही पंप थोडा वेळ चालतो आणि नळीतलं द्रावण मागे ओढतो, म्हणून काही मिनिटं थांबा. मग निगेटिव्ह काढा. रेडिएटरचं झाकण पूर्ण थंड झाल्यावरच उघडा, गरम कूलंटने तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. नवा सेन्सर वॉशरसकट हातात तयार ठेवा, जुना काढा आणि लगेच नवा लावा, म्हणजे कूलंट फार सांडणार नाही. आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने बेताचा कस. जोर लावाल तर हाऊसिंगचे आटे जातील. कूलंट भरा, हवा काढा, कोड खोडा आणि एक फेरी मारून लाईव्ह डेटा बघा.

क्रँक सेन्सरही शिकून ठेवा. गाडी तापली की बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते, हे त्याचं नेहमीचं लक्षण. बऱ्याच गाड्यांत तो एका बोल्टवर असतो, कधी कधी टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसला तरी भागतं. एक चांगला क्रँक सेन्सर केबिनमध्ये ठेवा, त्यात अडकलेले पैसे मी वाया गेले म्हणणार नाही.

पण कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरला घरी हात लावायचा नाही. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि तशी धार कातडी फोडून आत शिरते. नॉक्स सेन्सरही वर्कशॉपचंच काम आहे. तो तापलेल्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये गंजून बसलेला असतो, त्याला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो आणि नवा बसवल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने रीसेटही करावं लागतं. आणि कुणी "बायपास करून देतो, लाईट कधीच लागणार नाही" म्हणालं तर तिथून गाडी काढा. ते बेकायदा आहे, आणि त्या माणसाने गाडीत काय केलंय हे पुढच्या मिस्त्रीला कळतही नाही.

दादांनी आता केबिनमध्ये वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, कोड, मीटरचा आकडा, काय केलं, किती गेले आणि गाडी किती तास उभी होती. शेवटचा रकाना मी हट्टाने घालायला लावला. मागच्या महिन्यात पुन्हा लाईट लागली, वेगळा कोड होता. ते गॅरेजला गेले, वही दाखवली आणि मिस्त्रींना म्हणाले, आधी शोधा, शोधायचे वेगळे देतो. दुपारी गाडी भरायला लागली होती.

तुमच्या गाडीला कोणता कोड आला आणि शेवटी दोष कुठे निघाला, तेवढं खाली लिहा. गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची तेही सांगा, पुढच्या व्हिडिओत त्यातलाच एक कपलर उघडून दाखवतो.