कृष्णधवल, पण जरा उजळ!

रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा म्हणजे त्यातला रंग काढून टाकायचा, असा एक सार्वत्रिक समज आहे. माझं म्हणणं असं की रंग नुसता काढून टाकता येतच नाही. प्रत्येक रंगाला कुठली तरी करडी छटा द्यावी लागते, आणि कुठली ते कुणीतरी ठरवतं. तुम्ही नाही ठरवलं तर सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. (म्हणजे आमच्यासारखाच कुणीतरी, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असलेला.)

जरा गणित करू, घाबरू नका. डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा, 0 ते 255. समजा आपल्यासारखी गव्हाळ त्वचा आहे 150, 105, 80. कपाळावर लालभडक कुंकू आहे 200, 30, 30. अंगावर हिरवीगार साडी 30, 200, 30. फोटोशॉपमधलं जुनं 'डीसॅच्युरेट' सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढतं. करून बघा. त्वचा 115, कुंकू 115, साडी पण 115. आख्खी बाई एका रंगाची, सिमेंटची मूर्ती!

आता दुसरं सूत्र. रंगीत टीव्हीच्या सुरुवातीच्या काळापासून चालत आलेलं: लालाचे 0.299, हिरव्याचे 0.587, निळ्याचे 0.114. डोळ्याला हिरव्याचा उजेड जास्त जाणवतो म्हणून त्याला वजन जास्त. यात त्वचा 116, कुंकू 81, साडी 130. हां, आता माणूस दिसायला लागला. आणि नुसता लाल चॅनल घेतला तर? त्वचा एकदम 150, साडी 30, आणि कुंकू 200, म्हणजे कपाळावर पांढुरका डाग.

तर खरी गोम या लाल चॅनलमध्ये आहे. माणसाची त्वचा गोरी असो वा काळी, तिच्यात लाल आकडा सर्वात मोठा असतो. त्यामुळे लाल वाढवला की चेहरा उजळतो, मुरुमं-डागही लालसर असल्यामुळे गायब होतात. लाइटरूममध्ये हेच काम ऑरेंजचा स्लायडर करतो. उजवीकडे सरकवला की दोन सेकंदांत गोरेपणा. 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नाव बदललं, पण हा स्लायडर जागच्या जागी आहे, आणि आपली मंडळी तो हमखास उजवीकडेच सरकवतात.

मला कॅमेरा घेतल्यापासून घरच्यांचे फोटो काढायचं कंत्राट मिळालंय (बिनपगारी). मध्ये चुलतबहिणीचे काढले, स्थळांना पाठवायला. काकूने बघितले आणि म्हणाली, "छान आलेत रे. एखादा ब्लॅक अँड व्हाइट कर ना, त्यात रंग कळत नाही." बहीण शेजारीच बसलेली. तिने मोबाइलमधून मान वर केली नाही. निमगोरी हा शब्द लग्नाच्या जाहिरातींतून आपण हसण्यावारी नेतो, पण तो असा गुपचूप ऑरेंज स्लायडरवर येऊन बसलाय. विठोबाला कौतुकाने सावळा म्हणणारे आपणच बरं का!

यावर मित्राचा युक्तिवाद असा, की फोटो खरा कधीच नसतो. मान्य. मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, ओठ काळेकुट्ट आणि त्वचा डागाळलेली दिसायची. नट-नट्या चेहऱ्यावर फिकट रंग थापायचे ते त्यासाठी. पुढे 1920 च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी फिल्म रुळली. म्हणजे 'खरा' करडा असा कधीच नव्हता. पण त्या लोकांना फिल्म मिळेल ती घ्यावी लागे. आपल्या हातात स्लायडर आहे, तेव्हा 'कॅमेऱ्यात तसं आलं' ही सबब चालायची नाही.

मी एक फरक मात्र करतो. चेहरा अंधारात गेला असेल तर एक्स्पोजर खुशाल वाढवा. त्याने साडी, भिंत, कुंकू सगळंच उजळतं, तो उजेडाचा प्रश्न आहे. ऑरेंज स्लायडरने फक्त त्वचा उजळते, आणि तो उजेडाचा प्रश्न नाही. म्हणून मी रंगीत फोटो शेजारी उघडा ठेवतो, डोळे किलकिले करून दोन्हीकडे बघतो आणि चेहरा साडीच्या मानाने जितका गडद तिकडे आहे तितकाच इकडे ठेवतो. हिरवा फार वाढवला तर प्रत्येक सुरकुती ओरडायला लागते, तेही नको. निळ्याच्या नादी लागू नका, तिथे नुसता नॉइज असतो. फोनमधल्या नॉयर वगैरे फिल्टरबद्दल बोलायलाच नको, त्यात सावळा माणूस थेट कोळशात जातो. आणि मूळ रंगीत फाइल कृपा करून डिलीट करू नका. 115 वरून ते कुंकू होतं की साडी, हे परत काढता येत नाही.

बहिणीचा फोटो मी दोन प्रकारे करून तिलाच दिला, काकूला नाही. एक स्लायडर शून्यावर ठेवून, आणि एक उजवीकडे सरकवून, सोबत हे वरचं सगळं गणित. तिने दोन्ही ठेवून घेतलेत. स्थळांना कुठला जातो ते मी विचारलेलं नाही. व्हॉट्सॅपच्या डीपीला मात्र पहिला आहे.