छावणी की दावण?

भारताची तिकिटं निघाली की इथल्या, इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: 'आमच्या कुत्र्यासाठी तीन आठवड्यांचं चांगलं बोर्डिंग कुणाला माहीत आहे का?' उत्तरंही भराभर येतात. कुणी खोलीत टीव्ही असलेल्या जागेची लिंक टाकतं, कुणी सांगतं की तिथे कॅमेरा आहे, कुत्रा दिवसभर फोनवर दिसतो. आणि कुणी तरी 'स्वस्त आहे, शिवाय आपलीच माणसं' म्हणून एक नंबर देतं. माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आमच्या लोहाऱ्याकडे दुष्काळ पडला की पारावर निघतो आणि त्यावर कडाक्याची भांडणं होतात: जनावर छावणीत न्यायचं, की चारा दावणीला मागायचा?

ज्यांचं गाव मराठवाड्यात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोहारा हा धाराशिव जिल्ह्यातला, उमरग्याला लागून असलेला तालुका. निम्न तेरणेचं माकणी धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण धरण असलं म्हणून पाऊस पडतो असं नाही. सलग दोन वर्षं पाऊस हुकला की कडब्याची पेंडी सोन्याच्या भावाने जाते आणि लोक जनावरं बाजारात काढू लागतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात चारा छावण्या उघडायचं ठरवलं. २०१९ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. आमच्या जिल्ह्यात भूम-परंड्याकडे छावण्या लागल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये आणि लहानामागे ४५ रुपये अनुदान होतं, पुढे ते १०० आणि ५० झालं. एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घ्यायची असाही नियम होता. सहावं जनावर कुठलं मागे ठेवायचं, याचा विचार करून बघा म्हणजे त्या नियमाचं वजन कळेल.

छावणीत चारा, उसाचं वाढं, पेंड आणि पाणी मिळे, जनावरांचा डॉक्टर येई. पण शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की शेतकरीही तिथेच राहायचा. बाज, चूल, घागर घेऊन घरातलं कुणी तरी जनावरांशेजारी मुक्काम ठोकायचं. जागा परकी, पण पाठीवर फिरणारा हात ओळखीचा. आपण इथे इंग्लंडमध्ये कुत्र्याला केनेलमध्ये ठेवतो तेव्हा जागाही परकी असते आणि हातही परका. म्हणजे छावणीपेक्षा आपली मागणी जास्त मोठी आहे, आणि ती आपण चार फोटो बघून उरकतो.

छावणीला विरोध करणारे म्हणत, 'चारा दावणीला द्या.' जनावर आपल्या गोठ्यात राहील, दुभत्याचं दूध घरात येईल, म्हाताऱ्या माणसाला माळावर झोपावं लागणार नाही. सरकारी बाजूचा आक्षेपही पोकळ नव्हता: दावणीला दिलेला चारा जनावराच्या पोटात गेला की विकला गेला, हे घरोघरी कोण बघणार? छावणीत निदान डोकी मोजता येतात. (बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये मोजायला गेल्यावर कागदावरची जनावरं आणि प्रत्यक्ष बांधलेली जनावरं जुळली नाहीत, हा भाग निराळा.) हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटूही नये. कारण उत्तर जनावरावर अवलंबून आहे.

मांजराच्या बाबतीत माझ्या मनात शंका नाही. मांजर दावणीचं जनावर आहे. त्याचा जीव माणसात असेल-नसेल, जागेत नक्की असतो. अनोळखी कप्प्यात ठेवलेलं मांजर कोपऱ्यात दडी मारतं, खाणं सोडतं. आणि काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर मांजराचं यकृत बिघडतं, लठ्ठ मांजराचं तर फार लवकर. त्यामुळे मांजर घरीच ठेवावं आणि दिवसातून दोनदा कुणी तरी यावं. ताटली रिकामी झाली का आणि मातीचा ट्रे ओला झाला का, या दोन गोष्टी त्याने लिहून पाठवाव्यात. गोंडस फोटो नाही पाठवला तरी चालेल. ज्यांना हे जमत नाही त्यांनी मांजरांसाठीचीच जागा शोधावी. कुत्र्यांच्या भुंकण्याच्या टप्प्यात ठेवलेलं मांजर म्हणजे शिक्षा.

इथे एक पेच आहे आणि तो लपवून उपयोग नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून नवे परवाना नियम लागू आहेत. केनेल, कॅटरी, कुत्र्यांचं पाळणाघर आणि पैसे घेऊन स्वतःच्या घरी कुत्री ठेवणारे, या सगळ्यांना स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. मांजरांच्या कप्प्यांमध्ये किती अंतर असावं, दोन घरची मांजरं एका कप्प्यात ठेवायची नाहीत, इथपर्यंत तपशील ठरलेला आहे. पण तुमच्या घरी येऊन मांजराला खायला घालणाऱ्याला कुठलाच परवाना लागत नाही. म्हणजे छावणीवर सरकारचं लक्ष आहे आणि दावण तुमच्या भरवशावर. तरीही मी दावणच निवडेन; पण मग तपासणीसाचं काम आपल्याला करावं लागतं. त्या माणसाचा विमा आहे का, आधीच्या दोन घरांशी बोलता येईल का, तो स्वतः आजारी पडला तर दुसरं कोण येणार, हे विचारायला संकोच वाटता कामा नये. घराची किल्ली देताना संकोच वाटत नाही, मग हे विचारताना का वाटावा?

कुत्र्याचं गणित वेगळं. तरुण, माणसाळलेला, चार कुत्र्यांत रमणारा कुत्रा चांगल्या केनेलमध्ये मजेत राहतो. म्हातारा, ऐकू कमी येणारा किंवा एकाच माणसाच्या मागे फिरणारा कुत्रा तिथे झुरतो. त्याच्यासाठी घरी राहायला येणारा माणूस शोधावा, नाहीतर एक-दोनच कुत्री घेणारं परवानाधारक घर. आधी एका रात्रीपुरतं ठेवून बघावं. सकाळी कुत्रा कसा भेटतो, त्यावरून बरंच कळतं.

जागा बघायला गेलात की परवाना भिंतीवर दिसला पाहिजे. तो लावणं बंधनकारक आहे. त्यावर एक ते पाच तारे असतात, आणि त्यांचा अर्थ हॉटेलच्या ताऱ्यांसारखा घेऊ नका. दर्जा उत्तम असला तरी नव्या व्यवसायाला सहसा पाच तारे मिळत नाहीत, कारण नियम पाळल्याचा त्याच्याकडे इतिहास नसतो. तेव्हा चार ताऱ्यांची नवी जागा वाईट ठरत नाही. एक तारा मात्र बघितला की मी गाडी वळवतो. वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या मंडळींना हे तारे दिसणार नाहीत. तिकडे अजून १९६३ चा कायदा चालतो.

ताऱ्यांपेक्षा मला रात्रीची चिंता जास्त. रात्री अकरा ते सकाळी सहा तिथे कोण झोपतं? इंग्लंडच्या नियमांत केनेलला पंचवीस कुत्र्यांमागे किमान एक पूर्णवेळ माणूस लागतो, पण रात्री तो आवारातच असावा अशी सक्ती नाही. लवकर पोचता येईल इतक्या अंतरावर असला तरी भागतं. त्यामुळे 'आम्ही चोवीस तास उपलब्ध असतो' हे वाक्य ऐकलं की पुढे विचारायचं: उपलब्ध कुठे, फोनवर की केनेलमध्ये? टीव्ही, सोफा, नावाची पाटी लावलेला 'सूट' यांचे पैसे मोजण्यापेक्षा आवारात झोपणाऱ्या माणसाचे मोजावेत. कॅमेऱ्याचंही तसंच. तो मालकाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून असतो. लोहाऱ्यात बसून तुम्हाला कुत्रा दिसला, म्हणून कुत्र्याला तुम्ही दिसत नाही.

ग्रामपंचायतीचा कोंडवाडाही गुरांना पाणी आणि चारा देतो, आणि पैसे भरले की परत करतो. त्यापलीकडे जे मिळतं त्यासाठी आपण बोर्डिंगचे पैसे देतो, हे ध्यानात ठेवलं म्हणजे काय विचारायचं ते आपोआप सुचतं. फिरायला नेतात तेव्हा अनोळखी कुत्र्यांत सोडतात का? घरी कुत्री ठेवणाऱ्यांना वेगवेगळ्या घरची कुत्री एकत्र मिसळायला मालकांची लेखी संमती घ्यावी लागते. ती कुणी मागितलीच नाही, तर का मागितली नाही ते विचारा.

लसीची कार्डं शेवटच्या आठवड्यात शोधणाऱ्यांची संख्या आपल्यात मोठी आहे. लेप्टोची लस दर वर्षी लागते. ती चुकली तर सहसा चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस नव्याने घ्यावे लागतात. केनेल कफची लस वेगळी, ती सहसा नाकातून देतात आणि नेहमीच्या डोसात धरलेली नसते. जी जागा कार्ड न बघता कुत्रा घेते तिला मी सोय म्हणणार नाही. तुमच्या कुत्र्याचं कार्ड बघितलं नाही म्हणजे शेजारच्याचंही बघितलेलं नाही. शिकागोत २०१५ मध्ये कुत्र्यांचा फ्लू पसरला तो बोर्डिंग आणि पाळणाघरांतूनच फोफावला होता.

दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. इथे दिवाळीचे दिवस आणि ५ नोव्हेंबरची आतषबाजी अनेक वर्षी एकमेकांना खेटून येतात. फटाक्यांना भिणारा कुत्रा त्याच आठवड्यात परक्या जागी ठेवणं क्रूरपणाचं आहे. घरी तो निदान आपल्या जिन्याखाली जाऊन बसतो. अशा कुत्र्याला केनेलमध्ये ठेवायचंच असेल तर आतषबाजीचे दिवस टाळून तिकिटं काढा.

'आपलीच माणसं' या शिफारशीबद्दल बोललं की लोक नाराज होतात, तरी बोलतो. मित्राने मैत्रीखातर कुत्रा ठेवला तर ती मैत्री. आठवड्याला चार घरची कुत्री रोख पैसे घेऊन ठेवली तर तो धंदा, आणि त्याला परवाना हवा. आडनाव ओळखीचं आहे, मुलं एकाच मराठी शाळेत जातात, गणपतीत आरती एकत्र म्हटली, हे सगळं छान. त्यातलं काहीही बागेच्या कुंपणाला भगदाड आहे की नाही ते सांगत नाही. त्याहून सोयीची पण मला न पटणारी चाल म्हणजे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांच्या हाती पट्टा देऊन स्पेनला जाणं. बाबांनी शेतावर राखणीचं कुत्रं आयुष्यभर सांभाळलं असेल. पण ते कुत्रं मोकळं फिरायचं. तीस किलोचा लॅब्रॅडॉर जानेवारीच्या बर्फाळ फुटपाथवर ओढत नेतो तेव्हा सत्तरीतल्या माणसाचं मनगट आणि कंबर दोन्ही पणाला लागतात.

एक कागद मात्र छावणी असो की दावण, लिहून ठेवावाच लागतो, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. कुत्रा आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, किती पौंडांपर्यंत विचारल्याशिवाय खर्च करायचा, आणि भूल देण्याची किंवा त्याहून जड निर्णयाची वेळ आली तर होकार कोण देणार? हिवाळ्यात इथे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा लोहाऱ्यात पहाटेचे साडेचार असतात. फोन उशाला असेलच असं नाही, असला तरी रेंज असेलच असं नाही. म्हणून इथल्याच एका माणसाचं नाव त्या कागदावर घालावं. त्याला आधी विचारावं, डॉक्टरच्या दवाखान्यात त्याची नोंद करावी आणि हे नाव बोर्डिंगवाल्यालाही द्यावं. मंडळात असा माणूस शोधणं अवघड नाही. फक्त ग्रुपवर बोर्डिंगची लिंक मागण्याआधी हे विचारलं पाहिजे.