पार्सलातला खुळखुळा

दोन भाऊबिजांची ओवाळणी साठवून आमच्या कन्येने इंटरनेटवरून प्लेस्टेशन ४ चा एक जुना खेळ मागवला. पार्सल आले ते साध्या पाकिटात. हलवले तर आत खुळखुळा! "अहो, सोबत काहीतरी फुकट पाठवलेलं दिसतंय," इति सौ.

फुकट कसले? डबीत तबकडी धरून ठेवणारे मधले दाते मोडले होते, आणि त्या तुकड्यांवर तबकडी वाटभर घासत आली होती.

वाचकहो, डबी फुटली तर हळहळू नये. डबी दुसरी मिळते. पण या ब्लू-रे तबकडीत सारा खेळ चकचकीत बाजूपासून अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो. वरच्या कठीण लेपामुळे बारीकसारीक ओरखडे ती सोसते, खोल चरा नाही. आणि मधल्या भोकापाशी तडा दिसला तर ती यंत्रात घालूच नका. गरगर फिरताना ठिकऱ्या उडाल्या, तर यंत्रही जायचे!

विक्रेत्याने (नाव कशाला घ्या?) कळवले, "जुना माल परत घेत नाही." आम्ही गप्प बसलो असतो. कन्या कसली बसते! पाकीट फोडतानाचे चित्रण तिने मोबाइलवर करून ठेवले होते. ते धाडले, आणि सदोष माल परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही, हा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला मुद्दाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक फिरवावाच लागला नाही.

दुसरी तबकडी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदाच्या बोळ्यांत बसून आली. हलवून पाहिली. आवाज नाही. तेव्हापासून आमच्या घरातला टीव्ही मात्र आमचा राहिलेला नाही.